घरातल्या रसायनांमध्ये नेमकं कशाला घाबरायचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी ओसरलं तेव्हा सांगलीत घराघरांत एकच वास भरून राहिला होता, ब्लिचिंग पावडरचा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. अशा वेळी गाळ उपसला की मोरीत, जिन्यात, न्हाणीघरात पांढरी पावडर पसरली जाते. तरीही फरशीचे डाग हटेनात म्हणून कुणीतरी वरून संडास साफ करायचं ॲसिड ओततं. ओतणाऱ्याला लगेच ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, छाती आवळते. ॲसिडचा वासच उग्र, त्याचा हा त्रास, असं पुष्कळांना वाटतं. पण ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं समोरच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असतो, त्यामुळे जमिनीलगत साचतो. ओणवं होऊन फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाशी आणि तिच्याजवळ रांगणाऱ्या मुलाच्या नाकाशी तो सगळ्यात दाट असतो.

ब्लिचिंग पावडर वाईट नाही. पुरानंतर ती हवीच. पण ती गाळावर टाकून उपयोग होत नाही, कारण गाळातला सेंद्रिय कचराच तिच्यातला क्लोरीन खाऊन टाकतो. आधी गाळ काढायचा, साबणाच्या पाण्यानं घासायचं, धुऊन घ्यायचं आणि मग पावडरीचं पाणी फिरवायचं, दारंखिडक्या उघड्या ठेवून. ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यांतलं काहीही तिच्या जोडीला नको. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही नको, त्यातून क्लोरामाइन नावाचे वायू सुटतात आणि तेही फुप्फुसांना जाळतात. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका. तसंच टाकून मोकळ्या हवेत या. श्वासाचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर विसंबू नका.

हे सगळ्यात आधी सांगितलं, कारण घरातल्या रसायनांबद्दलची आपली भीती बरेचदा भलत्याच दिशेला असते. शाम्पूच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून धसका घेणारी माणसं मला माहीत आहेत. त्याच घरात बाळाची दुपटी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असतात, रात्री दार लावून कॉईल पेटते आणि पार्लरमधून आणलेली बिननावाची क्रीम आरशाजवळ असते. खरा धोका बहुतेक वेळा या दुसऱ्या यादीत असतो.

धोका मोजताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पदार्थ किती विषारी आहे, आणि तो शरीरात किती, कोणत्या वाटेनं, किती दिवस जातो. तासगावच्या बागायतदाराला हे वेगळं समजवायला नको. फवारणीचं जालीम औषध कुलपात असेल तर घराला धोका नाही. तेच औषध अंगावर उडालं आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजले, तर आहे. उलट, एरवी सौम्य वाटणारी वस्तू रोज दोनदा चेहऱ्यावर चोळून दोन वर्षं लावली तर तिचा हिशेब वेगळा होतो. पोटातल्या आणि पाळण्यातल्या बाळाच्या बाबतीत तर थोडंही जास्तच. त्याचं वजन कमी, त्वचा पातळ, यकृत अजून कच्चं, आणि हाताला येईल ते तोंडात घालायची सवय.

बिननावाची डबी

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते सौंदर्यप्रसाधनांमधली सगळ्यात घातक वस्तू हीच आहे आणि ती लग्न ठरलेल्या मुलींच्या हातात सर्वात सहज पडते.

अशा काही क्रीममध्ये पारा असतो. त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे येतो आणि तो तयार करणाऱ्या एन्झाइमचं काम पारा अडवतो. म्हणून थोड्याच दिवसांत चेहरा उजळलेला दिसतो आणि विश्वास बसतो. पण तो पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. मूत्रपिंडाची गाळणी खराब झाली की रक्तातलं प्रथिन लघवीतून वाहून जायला लागतं. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात अशा प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये आजाराची एक विशिष्ट खूण सापडली, आणि या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेक जण सुधारले, ही त्यातली दिलाशाची बाब. पाऱ्याचा त्रास लावणाऱ्यापुरता राहत नाही. त्याची वाफ होते, टॉवेल आणि उशीवाटे तो घरातल्या इतरांपर्यंत पोचतो, आणि आईच्या गालाला गाल लावणाऱ्या मुलापर्यंतही.

कायदा इथं स्पष्ट आहे. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर कुठल्याही प्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. मुद्दाम घालण्याचा तर प्रश्नच नाही. तरीही क्रीम मिळतात, कारण त्या या व्यवस्थेच्या बाहेरून येतात. म्हणून डबी उलटी करून पाहा. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, वापरायची शेवटची तारीख आणि घटकांची यादी, हे सगळं कायद्यानं छापावं लागतं. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. यातलं काही नसेल तर डबी कितीही देखणी असो, ती घेऊ नका. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराईड' किंवा 'कॅलोमेल' दिसलं तर तो पाराच. आणि सूचनांमध्ये 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' असं लिहिलेलं असेल तर ती फार बोलकी खूण आहे, कारण पारा सोन्याला चिकटतो.

अशी क्रीम वापरून झाली असेल तर घाबरून न जाता लघवीतल्या प्रथिनाची तपासणी करून घ्या. ती स्वस्त असते आणि जवळपास कुठल्याही लॅबमध्ये होते. डॉक्टरांना क्रीमबद्दल आपणहून सांगा. गोरेपणासाठी काही लावत होते हे सांगायला मुली लाजतात आणि निदान लांबतं.

दुसरा प्रकार स्टेरॉईडचा. औषधांच्या दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली ट्यूब, कधी गोरेपणासाठी, कधी गजकर्णासाठी. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही त्यांतली नेहमीची नावं. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर ही चांगली औषधं आहेत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. थांबवली की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो आणि अडकतो. गजकर्ण तर स्टेरॉईडनं दबतं आणि आतल्या आत पसरत राहतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं लावायची १४ स्टेरॉईड चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. चेहऱ्यावर बराच काळ लावत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही तिथंच आहे.

पाऱ्यावरून आठवलं. वर्षाचे गहू-तांदूळ भरताना कोठीत टाकायच्या पारद टिकड्या अजूनही विकल्या जातात. नावातच पारा आहे. टिकडी फुटली की भुकटी धान्यात मिसळते. धान्य कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा, डाळींना एरंडेल चोळा. हे आपल्या घरांना काही नवं नाही.

डांबराच्या गोळ्या आणि बाळ

ट्रंकेतल्या लुगड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवतो त्या पांढऱ्या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असतं. ते वितळत नाही, थेट वाफ होऊन कपड्यांत मुरतं. मोठ्यांना एवढा वास फारसा बाधत नाही. पण काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतः कमी असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त आढळतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. नॅफ्थलीनचा संपर्क आला की अशा बाळाच्या लाल पेशी भराभर फुटतात. कावीळ चढते, लघवी चहासारखी गडद होते, अंग पांढरंफटक पडतं. नवजात बाळाची कावीळ फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते.

आता आपल्याकडची पद्धत पाहा. आधीच्या मुलाची दुपटी, झबली, कुंच्या ट्रंकेत गोळ्या घालून जपून ठेवलेल्या. बारशाच्या आधी त्या निघतात, झटकल्या जातात आणि बाळाला घातल्या जातात. त्यातून बाळाला तेलानं चोळलेलं असतं. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल लावलेल्या अंगातून ते अधिक सहज आत शिरतं. माया आणि जपणूक यांतूनच हे घडतं, म्हणून ते सांगताना जीव तुटतो. बाळाचे कपडे या गोळ्यांत कधीच ठेवू नका. ठेवले असतील तर चांगले धुऊन कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. युरोपीय संघानं नॅफ्थलीनच्या गोळ्यांची विक्री २००८ मध्येच बंद केली. बेसिनमध्ये टाकायच्या गोळ्याही रांगत्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका, त्याला त्या पेपरमिंटच्याच वाटतात. रेशमी साड्या स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या करून सुती कापडात गुंडाळल्या आणि मधूनमधून सावलीत वाऱ्यावर टाकल्या तर कसर सहसा लागत नाही.

धूर

पावसाळ्यात सांगलीत डास होतात आणि डेंगी खरा असतो, त्यामुळे 'डासांचं काही वापरू नका' असं सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. प्रश्न बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या कॉईलचा आहे. कॉईलमधल्या कीटकनाशकापेक्षा ती जळत राहण्यासाठी घातलेला भुसा जास्त त्रास देतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉईल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण सुटतात असं मोजलं गेलं, आणि फॉर्माल्डिहाइड हा डोळ्यांना-घशाला झोंबणारा वायू ५१ सिगारेटींइतका असू शकतो. दमेकरी आजी आणि नातवंडं याच खोलीत झोपतात. मच्छरदाणी आणि खिडक्यांच्या जाळ्या हाच सगळ्यात निर्धोक उपाय. द्रवाचं यंत्र वापरायचंच तर त्यात धूर नसतो, पण खिडकी थोडी उघडी असू द्या. फक्त अगरबत्तीसारख्या दिसणाऱ्या बिनपरवान्याच्या डासकाड्या घेऊ नका. घरगुती कीटकनाशकालाही नोंदणी लागते आणि त्याच्या वेष्टनावर फवारणीच्या औषधासारखाच रंगीत त्रिकोण असतो, विषारीपणाच्या क्रमानं लाल, पिवळा, निळा, हिरवा.

आणि फवारणीचा विषय निघालाच आहे तर, मुलांच्या उवांसाठी गोठ्यातलं गोचिडाचं औषध डोक्याला लावू नका. औषधाचा रिकामा कॅन कितीही विसळला तरी पाणी किंवा तेल भरायला घेऊ नका. त्याला भोकं पाडून बाजूला काढा, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही.

कुंकू, काजळ, केसांचा रंग

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पारंपरिक कुंकूही हळदीचंच. हळकुंडं, टाकणखार, लिंबाचा रस, तुरटी यांपासून ते करतात. बाजारातलं लालभडक स्वस्त कुंकू मात्र कृत्रिम रंगाचं असू शकतं आणि शेंदरात शिशाचा ऑक्साईड असू शकतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये शेंदराचे ११८ नमुने तपासले. भारतातून घेतलेल्यांपैकी ७८ टक्क्यांत शिसं आढळलं, प्रमाण कमीजास्त होतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची कुठलीही पातळी सुरक्षित नाही. कपाळावर लावलेलं कुंकू त्वचेतून फारसं आत जात नाही. ते बोटाला लागून घासाबरोबर पोटात जातं, म्हणून हात धुवा आणि देव्हाऱ्यातला करंडा मुलांपासून दूर ठेवा. सुरम्याचंही तसंच. पारंपरिक सुरमा शिशाच्या खनिजाचा असतो. बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा काहीच घालू नका. घरच्या तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसं नसेलही, पण काजळीचे कण आणि बोटावरचे जंतू डोळ्यात जातातच. दृष्टीसाठी तीट तळपायाला लावली तरी चालते.

टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. तिच्या डिंकातलं पॅरा-टर्शरी ब्यूटिलफिनॉल रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. डागाची नुसती सुरुवात दिसली तरी टिकली बंद करा.

केसांच्या काळ्या रंगात बहुतेक वेळा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाईन असतं. ॲलर्जी आली तर डोळे बंद होतील इतका चेहरा सुजतो, आणि वर्षानुवर्षं वापरल्यावरही ती अचानक येऊ शकते. कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहा, ही सूचना खोक्यावरच असते आणि ती कुणी पाळत नाही. तासाभरात काळी होणारी 'काळी मेंदी' ही मेंदी नव्हे. मेंदीचा रंग केशरी-तपकिरी येतो, काळा आला तर त्यात पीपीडी आहे असंच समजा. केस सरळ करणाऱ्या पार्लरमधल्या द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं, आणि ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत मोडतं. ग्राहकापेक्षा दिवसभर तिथं उभ्या राहणाऱ्या मुलीच्या छातीत ते जास्त जातं.

ज्यांची भीती जास्त आहे ते

पॅराबेन हे टिकाऊपणासाठी घालतात. पाणी असलेल्या शाम्पू-क्रीममध्ये असं काही नसेल तर बुरशी आणि जंतू वाढतात. युरोपनं २०१४ मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली, आणखी दोनांचं प्रमाण कमी केलं, आणि मिथाइल-इथाइल पॅराबेन मर्यादेत चालू ठेवले. भीतीपोटी त्यांच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं आणि त्याची ॲलर्जी इतकी पसरली की अंगावर तशाच राहणाऱ्या क्रीममध्ये युरोपला ते बंद करावं लागलं. 'अमुक फ्री' असं लिहिलेली बाटली घेताना त्याऐवजी काय घातलंय हे बघायचं ते यासाठी. गरोदरपणात किंवा तान्ह्या बाळासाठी मला विचाराल तर मी पॅराबेनपेक्षा सुगंध टाळेन. यादीतल्या 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दामागे डझनावारी पदार्थ असू शकतात, त्यांत ॲलर्जी आणणारे आणि कधी वास टिकवण्यासाठी घातलेली थॅलेट नावाची रसायनंही.

जंतुनाशक साबणाला जादा पैसे मोजू नका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ट्रायक्लोसानसह १९ घटक अशा साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. बाळाला टाल्कम पावडरची गरजच नसते, ती श्वासात जाते.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हेही मनातून काढावं. बिब्बा पूर्ण नैसर्गिक आहे आणि त्याचं तेल लागलं की कातडी उतते. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठतात. सोडा आणि व्हिनेगर मिसळून फेस आणणारे व्हिडिओ पाहून लोक खूश होतात, पण फेस संपल्यावर उरतं ते साफ करायच्या कामाचं नसलेलं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा. तेलकट ओट्याला धुण्याचा सोडा, नळावरच्या क्षारांना व्हिनेगर. रोजच्या फरशीला साबणाचं पाणी पुरतं.

घरातल्या साफसफाईच्या बाटल्या त्यांच्या मूळ वेष्टनातच ठेवा. ॲसिड, फिनाईल किंवा रॉकेल पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलं की पोरं पिऊन टाकतात. तसं घडलं तर उलटी करवू नका आणि मिठाचं पाणी पाजू नका. जाळणारा पदार्थ वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो, आणि रॉकेल छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. तोंड पाण्यानं पुसून घ्या. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत घ्या, अर्धी फाटलेली चिठ्ठी तिच्यावर असली तरी.